फिरत्या घराच्या छतावरची वीज

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम कडेला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ, क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे. चहूबाजूंनी वाळवंट. उन्हाळ्यात तिथे मुद्दाम जावं असं काही नाही. थंडी सुरू झाली की मात्र मिनेसोटा, मिशिगन आणि कॅनडातल्या बर्फाला कंटाळलेली निवृत्त जोडपी आपापली फिरती घरं घेऊन तिथे उतरू लागतात. कुणाचं बसएवढं मोटारहोम, कुणाचा पिकअप ट्रकमागे ओढत आणलेला ट्रेलर, तर कुणाची मागे गादी टाकलेली साधी व्हॅन. या सगळ्यांना मिळून तिकडे आरव्ही म्हणतात.

गावाबाहेरची बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची आहे. १९८३ पासून या खात्याने तिथे लांब मुक्कामाचे तळ ठरवून दिले आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे. एवढ्या पैशात पाणी भरता येतं, सांडपाण्याची टाकी रिकामी करता येते. विजेचा खांब मात्र नाही. (गावच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्यावर धातूचा उंट. अमेरिकी लष्कराने १८५६च्या सुमारास वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्यासोबत आलेल्या हाजी अलीचं ते थडगं. बिनपाण्याच्या मुलखात तगून राहायचा प्रश्न इथे जुनाच आहे.)

पूर्वी विजेचा प्रश्न जनरेटर सोडवत असे. पेट्रोल जाळायचं, आवाज सोसायचा, धूर शेजाऱ्याकडे पाठवायचा. आता त्या तळांवर नजर टाकली तर छतांवर निळी-काळी पॅनेलं दिसतात. पुष्कळांनी ती तिरकी उभी केलेली असतात. ती तिरकी का, आणि खालच्या कपाटात काय दडलेलं असतं, हे समजलं की फिरत्या घराच्या सोलरमधलं बहुतेक सगळं समजलं.

आधी घरातली वीज पाहू. आरव्हीत विजेच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. दिवे, पाण्याचा पंप, गॅस हीटरचा पंखा, गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र हे सगळं १२ व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे थेट बॅटरीवर चालतं. मायक्रोवेव्ह, एअर कंडिशनर आणि भिंतीवरची सॉकेटं १२० व्होल्टच्या एसीवर. वीज असलेल्या तळावर जाड केबल खांबाला लावली की दोन्ही बाजू जिवंत होतात. गाडीतला कन्व्हर्टर १२० व्होल्टमधून बॅटरीही भरत राहतो. केबल काढली की १२० ची बाजू मरते आणि १२ ची बाजू बॅटरीत जेवढं शिल्लक असेल तेवढ्यावर जगते. सोलरने या बॅटरीला नवी आवक मिळते. वर इन्व्हर्टर लावला तर मेलेली बाजूही उठून बसते. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होता आणि ज्यांनी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतलं आहे, त्यांना यातलं निम्मं ठाऊकच आहे. फरक एवढाच, की तेव्हा दोन-चार तासांनी का होईना, लाइट परत यायची. वाळवंटात ती यायची नसते.

सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो: पॅनेल किती वॉटचं घेऊ? माझ्या मते हा प्रश्न शेवटून दुसरा आहे. सुरुवात खर्चापासून करावी.

समजा, सात मीटर लांबीचा ट्रेलर आहे, त्यात दोघं राहतात आणि महिना डिसेंबरचा आहे. १२ व्होल्टवरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ६०० वॉट-तास घेईल. एलईडी दिवे १२०, पंप जेमतेम २०. वाळवंटातली रात्र गार असते. हीटर गॅसवर चालला तरी त्याचा पंखा ८०-८५ वॉट ओढतो. रात्रभरात तो मिळून चार तास फिरला तर ३४० झाले. लॅपटॉप आणि फोन २५०. मायक्रोवेव्ह सहा मिनिटं चालवला तर १५०. उपग्रहावरून इंटरनेट घेणारी तबकडी आठ तास चालू ठेवली तर आणखी ५००. बेरीज झाली १,९८०. इथवर सगळे येतात आणि थांबतात.

पण नुसता चालू ठेवलेला मोठा इन्व्हर्टर, त्याला काहीही जोडलेलं नसताना, १५ ते २० वॉट खात बसतो. चोवीस तासांत ते ४०० वॉट-तास होतात. गॅसगळतीचं यंत्र, रेडिओची मेमरी, फ्रिजचं नियंत्रण असं किरकोळ मिळून सहा वॉट धरले तर आणखी १४४. म्हणजे कुणालाही काही उपयोग न होता पाचशेच्या वर वॉट-तास गेले. एकूण आकडा अडीच हजारांवर, म्हणजे आपल्या भाषेत अडीच युनिटांवर पोचला, आणि त्यातला पाचवा हिस्सा न वापरलेल्या विजेचा आहे. शंभर वॉटचं जादा पॅनेल चढवण्याआधी इन्व्हर्टरचं बटण रात्री बंद करायची सवय लावली तर तेवढाच फायदा पदरात पडतो, तोही फुकट. फ्रिज गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा असेल तर ६०० चा आकडा जवळजवळ पुसला जातो. मात्र तोच फ्रिज चुकून १२ व्होल्टवर लावून ठेवला तर तो शे-दीडशे वॉट किंवा त्याहूनही जास्त, अखंड ओढतो आणि सकाळपर्यंत बॅटरी झोपवतो.

आता आवक. पॅनेलवर २०० वॉट छापलेलं असतं, तो आकडा प्रयोगशाळेतला आहे: दर चौरस मीटरला १,००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. छतावर दोन्ही अटी एकदम क्वचितच जुळतात. तापलेलं पॅनेल दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती गमावतं. छताला चिकटवायची लवचीक पॅनेलं दिसायला देखणी, वजनाला हलकी, पण त्यांच्याखाली वारा खेळत नाही. ती जास्त तापतात आणि लवकर थकतात. वाकडं छत असल्याशिवाय त्यांच्या नादी लागू नये, असं मला वाटतं.

पण हिवाळ्यातला खरा प्रश्न कोनाचा आहे. क्वार्टझसाइट सुमारे ३३.७ उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३३ अंशच वर चढतो. छतावर आडवं निजलेलं पॅनेल त्या वेळी थेट येणाऱ्या उन्हाचा निम्म्याहून थोडाच जास्त भाग पकडतं, बाकीचं ऊन त्याच्यावरून निसटून जातं. हेच पुण्यात केलं तर त्याच दिवशी दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो आणि आडवं पॅनेल जवळजवळ तीन चतुर्थांश ऊन घेतं. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा तर आडवं ठेवण्यासारखी दुसरी रीतच नाही. म्हणून आपल्याकडे व्हॅनच्या छतावर पॅनेल सपाट ठोकून दिलं तरी फारसं बिघडत नाही. उत्तरेकडे जसं सरकावं तसं बिघडत जातं.

डिसेंबरात त्या भागात आडव्या पृष्ठावर दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण तीन युनिट ऊन पडतं. दक्षिणेकडे नीट तिरक्या केलेल्या पृष्ठावर हाच आकडा पाचाच्या वर जातो. तारा, धूळ, उष्णता, बॅटरीत भरतानाची गळती यांच्यापायी पाव हिस्सा वजा करा. आडवं पॅनेल दर वॉटमागे सव्वादोन वॉट-तास देईल, तिरकं चारच्या आसपास. अडीच युनिट हवे असतील तर आडवी पॅनेलं अकराशे वॉटची लागतील, तिरकी सहाशे वॉटची. २०० वॉटचं एक पॅनेल सुमारे एक चौरस मीटर जागा घेतं. सात मीटरच्या ट्रेलरचं छत कागदावर सतरा चौरस मीटरचं असतं, पण मधोमध एअर कंडिशनरचा उंचवटा, दोन-तीन झरोके, अँटेना, न्हाणीघरावरची काचेची घुमटी यांनी ते अडवलेलं असतं. अकराशे वॉट बसवताना घाम फुटतो, सहाशे सुखाने बसतात. त्या तळांवरची पॅनेलं तिरकी का, याचं उत्तर हे. तिरकी करण्यासाठी शिडी चढावी लागते, वाऱ्याच्या दिवशी ती पाडून ठेवावी लागतात आणि निघताना आडवी करायला विसरून चालत नाही. एक-दोन रात्रींचा मुक्काम असेल तर हा खटाटोप परवडत नाही. सात महिन्यांचा असेल तर परवडतो.

सावलीचं गणित याहून विचित्र आहे. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांच्यातून एकच प्रवाह वाहतो. एका सेलवर सावली पडली की त्या साखळीचा प्रवाह त्याच्यापाशी अडतो. यावर उपाय म्हणून पॅनेलच्या पाठीवरच्या डबीत बायपास डायोड असतात. ते सावलीतला गट वगळून बाकीच्यांना वाट देतात. तरीही अँटेनाच्या दांडीची हाताएवढी सावली १०० वॉटच्या पॅनेलची निम्मी वीज खाऊ शकते. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे एअर कंडिशनरच्या उंचवट्याची सावली लांबवर पसरते. भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्याचे पॅनेलएवढे तुकडे छतावर मांडून सकाळी, दुपारी आणि चार वाजता पाहून यावं. दिवस मोडतो, पण पैसे वाचतात.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर बसतो. १२ व्होल्टच्या व्यवस्थेसाठीचं पॅनेल खरं तर १८ व्होल्टच्या आसपास सर्वांत जास्त शक्ती देतं. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला खाली खेचून बॅटरीच्या पातळीवर आणतो: २०० वॉटच्या पॅनेलचे ११ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे १४३ वॉट. उरलेले वाया. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टेजचं रूपांतर जादा अँपिअरमध्ये करतो. सहाशे वॉटच्या व्यवस्थेला एमपीपीटीच घ्यावा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एमपीपीटीमुळे आणखी एक सोय होते. पॅनेलं एकामागे एक जोडून व्होल्टेज वाढवता येतं, आणि त्याचा फायदा तारेत दिसतो. दोन पॅनेलं समांतर जोडली तर १८ व्होल्टवर २२ अँपिअर वाहतील. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून, जाऊन-येऊन १२ मीटर अंतरात, सुमारे १७ वॉट नुसती तार तापवण्यात जातील. तीच पॅनेलं एकामागे एक जोडली तर प्रवाह ११ अँपिअर, आणि तारेत जाणारे वॉट चार. प्रवाह निम्मा झाला की नुकसान चौथाईवर येतं. म्हणून कुणी चार पॅनेलं एका माळेत ओवायला निघतो. इथे सांभाळावं. अशा पॅनेलचं काहीही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज २२.५ च्या आसपास असतं, चारांचं ९०. थंडीत हे व्होल्टेज वाढतं, दर अंशामागे अंदाजे ०.३ टक्के. उणे १० अंशांच्या सकाळी, सूर्य नुकताच वर आलेला असताना, ते ९९ च्या पुढे जाऊन पोचतं. कंट्रोलरवर कमाल १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो नशिबावर जगतो आहे. दोन-दोनच्या दोन माळा कराव्यात आणि निर्धास्त राहावं. जोडतानाही क्रम पाळायचा: आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

आता बॅटरी, जिथे खरा पैसा जातो. पॅनेल आज या सगळ्या पसाऱ्यातली स्वस्त वस्तू आहे.

बरीच वर्षं आरव्हीत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असत. त्या निम्म्याखाली उतरवल्या की त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे विकत घेतलेल्या क्षमतेतली अर्धीच वापरायची. शेवटचा वीस टक्के भाग भरायला त्या तासन् तास घेतात, आणि हिवाळ्यातल्या छोट्या दिवसात तेवढं ऊनच नसतं. अर्धवट भरलेल्या राहून राहून त्यांच्या पट्ट्यांवर सल्फेट साचतं. सोलरशी त्यांचं फारसं पटत नाही ते यामुळे.

चित्र बदललं ते लिथियम आयर्न फॉस्फेटने. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावरची नावं ए. के. पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हा पदार्थ मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा थोडा जड, पण फार शांत प्रकृतीचा. सहजी पेट घेत नाही. चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात, त्यामुळे जुन्या १२ व्होल्टच्या घरात तो चपखल बसतो. ८० ते ९० टक्के क्षमता बिनघोर वापरता येते आणि भरण्या-उतरण्याचे काही हजार फेरे निघतात. वजनाचं तर विचारूच नका. अडीच युनिटांच्या घराला एखादा ढगाळ दिवस धरून ४०० अँपिअर-तास पुरतात. ते पन्नास किलोच्या आत बसतात. शिसे-आम्लात तेवढीच वापरता येणारी वीज दोनशे किलोंच्या आसपास जाते. ट्रेलरमध्ये सामान किती किलो चढवायचं याची मर्यादा दारापाशी पिवळ्या चिठ्ठीवर छापलेली असते. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना या दीडशे किलोंचं मोल कळेल.

या बॅटरीची एक खोड मात्र आहे. शून्य अंशाखाली ती वीज देते, पण तिच्यात वीज भरायची नाही. थंडीत लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटच्या आत शिरायच्या ऐवजी त्याच्या पृष्ठावर धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची जायबंदी होते. चांगल्या बॅटरीतली नियंत्रण व्यवस्था अशा वेळी भरणं रोखून धरते. अमेरिकी ट्रेलरमध्ये बॅटरी बाहेर, पुढच्या ओढदांड्यावर ठेवायची पद्धत आहे. शिसे-आम्लातून भरताना हायड्रोजन निघतो, म्हणून ते ठीक होतं. नव्या बॅटरीला आत पलंगाखाली जागा द्यावी. बदल तेवढ्यावर भागत नाही. जुना कन्व्हर्टर बहुधा १३.६ व्होल्टवर थांबतो. हिला भरायला १४.२ ते १४.६ लागतात. ओढणाऱ्या ट्रकच्या अल्टरनेटरवरून भरायची असेल तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, नाहीतर ही बॅटरी एवढा प्रवाह मागते की अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो.

भिंतीवर चार लाल-हिरवे दिवे दाखवणारी बॅटरीची पट्टी असते, तिच्यावर तर विश्वासच ठेवू नये. शिसे-आम्लाचं व्होल्टेज बॅटरी उतरेल तसं हळूहळू उतरतं, त्यावरून अंदाज येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत १३ व्होल्टच्या आसपासच घुटमळते. पट्टी सगळे दिवे लावून बसते आणि मग एका संध्याकाळी घरच अंधारात जातं. बॅटरीच्या ऋण तारेत शंट बसवून येणारा-जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारा मीटर घ्यावा. सहाशे वॉटचं सोलर बसवून शंभर-दीडशे डॉलरचा मीटर न घेणारी माणसं असतात, आणि नंतर पॅनेलला नावं ठेवणारी बहुधा तीच.

मोठ्या इन्व्हर्टरची तार हा गमतीचा विषय नाही. २,००० वॉट १२ व्होल्टवर ओढायचे म्हणजे गळती धरून १८० अँपिअरच्या वर. अंगठ्याएवढी जाड केबल, जमेल तेवढी आखूड, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. फ्यूज तारेला वाचवतो, यंत्राला नव्हे. म्हणून तो तारेच्या सुरुवातीला असावा लागतो.

राहिलं छत. अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात, आणि त्यातल्या कित्येकांचं छत म्हणजे पातळ प्लायवूडवर चिकटवलेला रबरी पडदा. त्यात स्क्रू मारायचा म्हणजे पाण्याला दार उघडायचं. पॅनेल धरणाऱ्या कंसाखाली ब्यूटाइलची पट्टी, वरून आपोआप सपाट होणारं सीलंट, आणि दर सहा महिन्यांनी शिडी चढून भेगा पाहणं. गळती आतल्या छतावर दिसते तोवर प्लायवूड कुजलेलं असतं. नव्या गाडीवर 'सोलर रेडी' असा बिल्ला असेल तर हुरळून जाऊ नये; पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की कारखान्याने छतापासून कपाटापर्यंत एक तार टाकून ठेवली आहे. तिची जाडी स्वतः पाहावी.

हे सगळं नीट बसवलं तरी एक यंत्र या हिशेबात मावत नाही: छतावरचा एअर कंडिशनर. नेहमीचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना १,३०० ते १,५०० वॉट घेतो. पाच तास चालला तर सात युनिट, म्हणजे बाकीच्या अख्ख्या घराच्या जवळजवळ तिप्पट. दोन हजार वॉटची पॅनेलं आणि तेवढ्याच तोलाची बॅटरी घालून काही मंडळी हेही साधतात, पण तो खर्च ज्याचा त्याने पाहावा.

बाकीच्यांचा तोडगा स्वस्त आहे. एप्रिलमध्ये परवाना संपला की ते डोंगर चढतात. हजार मीटरमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि त्याच राज्यातलं फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर, पाँडेरोसा पाइनच्या दाट रानात आहे. गाडी झाडाखाली लावली की माणसाला सुख आणि छतावरच्या पॅनेलला उपास. तेव्हा मग बॅगेसारखं दुमडणारं सुटं पॅनेल बाहेर काढायचं, दहा-बारा मीटर लांबीच्या तारेने उन्हाच्या तुकड्यात नेऊन ठेवायचं आणि दिवसातून दोन-तीनदा सरकवायचं. त्याच्यासोबत येणारी तार बहुधा बारीक आणि आखूड असते. तिच्या टोकाला दुसरी बारीक तार जोडत बसण्यापेक्षा ती बदलून निदान ६ चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि कंट्रोलर पॅनेलच्या पाठीवर न ठेवता बॅटरीजवळ आणावा.